परवाना भिंतीवर, पण धंदा कुणाचा?

आपल्याकडे नवे दुकान काढायचे ठरले की घरात चर्चेला नुसता ऊत येतो. नाव कुलदैवताचे ठेवायचे की आजोबांचे, मुहूर्त पाडव्याचा धरायचा की अक्षय तृतीयेचा, फीत कापायला आमदारांना बोलवायचे की गावातल्या महाराजांना, यावर रात्री जागवल्या जातात. एका प्रश्नाला मात्र पाच मिनिटेही मिळत नाहीत. हे दुकान कायद्याच्या लेखी कोण आहे? एकट्या माणसाचे आहे, दोघा भावांच्या भागीदारीचे आहे, की त्या दोघांहून निराळ्या अशा एखाद्या संस्थेचे? हा प्रश्न शेवटी अर्ज भरणाऱ्या एजंटाच्या टेबलावर सुटतो. तो विचारतो, ‘प्रोप्रायटरी टाकू ना?’ आणि आपण मान डोलावतो. कारण प्रोप्रायटरी म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, आणि त्याला कागद सर्वांत कमी लागतात.

कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानाला हे एकवेळ चालून जाईल. परवान्यावर उभ्या असलेल्या धंद्याला चालत नाही. लहान दुकानदारांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्याच्या निमित्ताने मी आमच्या नगर जिल्ह्यातली (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) बरीच बाजाराची गावे पाहिली आहेत. कर चुकल्यामुळे मोडलेली घरे मला फारशी आढळली नाहीत. परवाना एकाच्या नावावर, कष्ट दुसऱ्याचे आणि पैसा तिसऱ्याचा, या गोंधळात विस्कटलेली घरे मात्र बरीच आढळली.

राहुरी असो, नेवासे असो की श्रीगोंदे, कोणत्याही बाजाराच्या गावात चक्कर मारावी. कृषी सेवा केंद्र, मेडिकल, दूध संकलन केंद्र, स्वीट होम, खानावळ अशी दुकाने ओळीने दिसतात. या प्रत्येकाच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी चौकटीत बसवलेला एक तरी सरकारी कागद असतो. कृषी सेवा केंद्रात तर असे तीन कागद लागतात. खतासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश, बियाण्यांसाठी १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आणि कीटकनाशकांसाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा. मेडिकलला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचा परवाना हवा, मिठाईवाल्याला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा.

हा कागद गाळ्यासारखा किंवा गोदामातल्या मालासारखा नसतो. गाळा मृत्युपत्रात लिहून देता येतो. माल वाटून घेता येतो. उधारीची वहीसुद्धा वारसांना मिळते. परवाना मात्र सरकारने विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट जागेसाठी, तिची पात्रता पाहून दिलेली मुभा असते. ती व्यक्ती गेली की मुभेचा पाया गेला. जुन्या भाषेत बोलायचे तर ती सनद आहे, इनाम नव्हे.

सनदेचा हा पेच आमच्या जिल्ह्याला नवा नाही. ज्यांचे नाव आता जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ साली गेले आणि मुलगा मालेराव १७६७ साली. कारभार कसा चालतो हे मल्हाररावांच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकलेली ही बाई. तरी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी दत्तकाची टूम काढली आणि राघोबादादांनी त्यांची पाठ राखली. अखेर माधवराव पेशव्यांनी कारभार अहिल्याबाईंकडे सोपवला तेव्हा प्रश्न मिटला. काम कोणाला येते हे सर्वांना ठाऊक होते. वाद होता तो नाव कोणाचे लागायचे याचा. आज तो वाद संस्थानाऐवजी दहा बाय बाराच्या गाळ्यासाठी होतो, एवढाच फरक.

एक उदाहरण नाव-गाव वगळून सांगतो. नेवासे तालुक्यातले एक कृषी सेवा केंद्र. दोघे भाऊ. परवाना थोरल्याच्या नावावर, कारण कृषीची पदविका त्याच्याकडे. भांडवल निम्मे-निम्मे. धाकटा पहाटेपासून गोदाम आणि गाड्या सांभाळायचा, वहिनी उधारीची वही लिहायच्या. सगळे गाव त्याला ‘दोघा भावांचे दुकान’ म्हणायचे. कागदावर मात्र ते एकट्या थोरल्याचे होते. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, थोरला गेला. तेरावा होतो न होतो तोच मृग आला. गोदाम खताने भरलेले, दारात शेतकरी उभे आणि विक्री बंद. अनुदानित खत विकायचे तर मशीनवर नोंद करावी लागते, आणि मशीन मृताच्या नोंदणीशी बांधलेले. कंपन्यांनी नवा माल थांबवला. बँकेचे चालू खाते गोठले. २०१५ साली नियम बदलल्यापासून कीटकनाशकाच्या विक्रीला कृषी किंवा विज्ञान विषयाचे शिक्षण लागते. धाकटा दहावी झालेला, वहिनी कला शाखेच्या पदवीधर.

खरे दुःख त्यापुढचे. हिंदू वारसा कायद्यानुसार थोरल्याचे पहिले वारस म्हणजे त्याची पत्नी, मुले आणि आई. भाऊ त्यात येत नाही. वीस वर्षे त्या दुकानात राबलेला धाकटा कायद्याच्या लेखी मालक नव्हता, भागीदार नव्हता, पगारपत्रकावरचा नोकरही नव्हता. वहिनींना वाटे, दीर दुकान बळकावू पाहतो. दिराला वाटे, आपल्याला घरातून हाकलले. दोघेही खोटे बोलत नव्हते. आज त्या गावात समोरासमोर दोन कृषी सेवा केंद्रे आहेत आणि दोन्ही पाट्यांवर एकाच आजोबांचे नाव आहे. दिवाळीला एकमेकांकडे फराळ जात नाही.

‘मग भागीदारी करायची होती,’ असे कुणी सहज म्हणेल. बरोबर आहे, पण भागीदारीतही खाचखळगे आहेत. आपला भागीदारी कायदा १९३२ चा. त्याप्रमाणे करारात वेगळे काही लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. म्हणून ‘उरलेल्या भागीदारांनी धंदा पुढे चालवावा’ हे कलम करारात हवेच. बाजारात मिळणाऱ्या छापील मसुद्यात ते असते, आणि लोक निर्धास्त होतात. पण भागीदार दोनच असतील तर त्या कलमाचा काही उपयोग नाही. एकटा माणूस भागीदारी कशी चालवणार? सर्वोच्च न्यायालयाने सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात १९६५ सालीच हे स्पष्ट केले आहे. म्हणजे दोघा भावांची भागीदारी ही सर्वांत लोकप्रिय पद्धत मृत्यूच्या प्रसंगी सर्वांत लंगडी ठरते. तिसरे नाव हवे, आणि ते घरातच असते, त्याविषयी पुढे लिहितो.

दुसरी गोष्ट नोंदणीची. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागला तरी कुरकुरणारी आपली माणसे ती टाळतात. पण नोंदणी नसलेल्या पेढीला, व्यवहारातून येणे असलेल्या पैशांसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. कृषी सेवा केंद्राचा सारा जीव उधारीत असतो. खरिपाला दिलेले बी-खत ऊस तुटल्यावर किंवा कांदा विकल्यावर वसूल व्हायचे. त्या वसुलीसाठी कोर्टाचे दार आपल्याच हाताने लावून घेणे याला काटकसर म्हणत नाहीत. महाराष्ट्राने तर १९८४ साली दुरुस्ती करून, नोंदणी नसेल तर भागीदारांना आपसांतला हिशेब मागण्याचे दारही बंद केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. तोवरच्या पंचवीस वर्षांत कितीकांचे हिशेब अडले असतील, कोण जाणे.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. भागीदारीत प्रत्येक भागीदार पेढीच्या सगळ्या देण्याला स्वतःच्या घरादारासकट बांधलेला असतो. एकाने भलत्याच बिलावर सही केली तर दुसऱ्याची शेती धोक्यात येते. ही भीती वाटणाऱ्यांसाठी २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, आणली. २००९ पासून ती अस्तित्वात आहे. यात संस्था भागीदारांहून वेगळी ‘व्यक्ती’ असते. परवाना तिच्या नावावर निघतो. भागीदार गेला तरी परवानाधारक जिवंतच राहतो. बदल संबंधित खात्याला कळवणे तेवढे सुटत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने एका माणसालाही कंपनी काढण्याची सोय केली. तीत सुरुवातीलाच एका नामनिर्देशित व्यक्तीची लेखी संमती द्यावी लागते. मालक गेला की ती व्यक्ती सभासद होते.

मग सगळ्यांनी कंपन्याच काढाव्यात का? माझे मत तसे नाही. कंपनीला उलाढाल कितीही लहान असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे आहेत. एलएलपीला उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेल्याशिवाय त्या कायद्याखाली लेखापरीक्षण लागत नाही, पण वर्षाची दोन विवरणपत्रे तिलाही चुकत नाहीत, आणि उशीर झाला की दंड वाढत जातो. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शब्द पाटीवर भारदस्त दिसतात म्हणून कंपनी काढणारे मी पाहिले आहेत. तिसऱ्या वर्षी ते दंडाच्या नोटिसा घेऊन हिंडतात. शिवाय मर्यादित दायित्व हे लहान धंद्यात बरेचसे नावापुरते असते. कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच. आणि बनावट औषध किंवा भेसळीचे कीटकनाशक विकले गेले तर कंपनीबरोबर तिचा कारभार पाहणारा माणूसही आरोपी होतो. दोन्ही कायद्यांत तशी तरतूद आहे.

आणखी एक वाट आहे, आणि ती दाखवून देण्याचा मान आमच्याच जिल्ह्याचा. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली उसाचा कारखाना उभारला, तेव्हा खासगी कंपनीचा मार्ग मोकळा होता. खासगी साखर कारखाने जिल्ह्याने पाहिलेलेही होते. तरी त्यांनी सहकारी संस्था निवडली, कारण ऊस ज्याचा त्याची मालकी हे त्यांना कागदावरच पक्के करायचे होते. १९५० साली प्रवरेचे गाळप सुरू झाले आणि महाराष्ट्राने तो कित्ता गिरवला. आज दहा शेतकरी एकत्र येऊन २००३ पासून अमलात आलेल्या तरतुदींनुसार उत्पादक कंपनी काढतात, तिच्या नावावर खत-बियाण्यांचे परवाने घेतात. तिथेही सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली मोहाडीची सह्याद्री फार्म्स याच वाटेने मोठी झाली.

अर्थात नुसत्या चौकटीने सचोटी येत नाही. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, आणि ठेवीदारांवर काय वेळ आली ते जिल्ह्यातल्या घराघरांना ठाऊक आहे. ती चौकट सहकाराचीच होती. म्हणून मी असे म्हणणार नाही की अमुक रचना चांगली आणि तमुक वाईट. मी एवढेच म्हणतो की रचनेने खरे सांगावे. काम कोण करतो, पैसा कुणाचा आहे, पात्रता कुणाची आहे, हे जसे प्रत्यक्षात आहे तसे कागदावर उतरावे.

आता त्या तिसऱ्या नावाविषयी. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचे असते. प्रमाणपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर टांगण्याचा प्रकार सर्वांना माहीत आहे, त्यावर वेगळे लिहायला नको. त्याचे एक सोवळे रूप मात्र कुणाच्या डोळ्यांत येत नाही. सून डी. फार्म. झालेली आहे. लग्न ठरताना ‘आपले मेडिकल आहे, मुलगी फार्मासिस्ट बघा’ असेच सांगितले होते. सकाळचा स्वयंपाक उरकून ती काउंटरवर बसते ती रात्री शटर ओढेपर्यंत. प्रमाणपत्र तिचे, मान मोडेपर्यंतचे काम तिचे. परवाना सासऱ्यांचा आणि नफा ‘घरचा’. तिला पगार नाही, हिस्सा नाही. उद्या नवरा-बायकोचे बिनसले तर ती प्रमाणपत्र काढून घेऊन जाते, आणि दुकान दुसऱ्या दिवशी बंद. हीच कथा राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन वडिलांच्या दुकानात बसणाऱ्या लेकीची. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, केंद्राने २००५ साली. पण वडिलांनी स्वतः उभारलेल्या दुकानाच्या भागीदारी करारात मुलीचे नाव घालताना हात अडखळतो.

ज्याच्या पात्रतेवर परवाना उभा आहे तो माणूस मालकीत असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सून फार्मासिस्ट असेल तर सून भागीदार. यात उपकार नाहीत. दुकानाच्या सुरक्षिततेचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. सासरा, मुलगा आणि सून अशी तीन नावांची नोंदणीकृत भागीदारी, तीत धंदा पुढे चालवण्याचे कलम, प्रत्येकाचे वेतन ठरवलेले. बहुतेक लहान परवानाधारक दुकानांना मला एवढे पुरेसे वाटते. भागीदार बदलला तर औषध परवान्याच्या अटींप्रमाणे जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने ग्राह्य राहतो आणि तेवढ्यात नवा घ्यावा लागतो. पण त्या तीन महिन्यांत अर्ज करायला, सही करायला आणि काउंटरवर बसायला हक्काची दोन माणसे उरलेली असतात. उलाढाल मोठी झाली, कर्ज वाढले, दुसरी शाखा निघाली की मग एलएलपी. तिथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भागीदार गेल्यावर त्याच्या वारसांना त्याचे भांडवल आणि साठलेला नफा मिळतो, कारभारात वाटा आपोआप मिळत नाही. पत्नी आधीपासून भागीदार नसेल तर तिला पैसे मिळतील, दुकान मिळणार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप कराचा. एकट्याच्या मालकीत स्लॅबचा फायदा मिळतो, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत साधारणपणे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर पडत नाही. पेढीच्या नफ्यावर मात्र सरसकट ३० टक्के. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. भागीदारांचे वेतन आणि भांडवलावरचे व्याज ठरावीक मर्यादेत नफ्यातून वजा होते. मध्यम दुकानात उरलेला करपात्र नफा फार मोठा नसतो. जो थोडा कर जास्त जाईल तो मी विम्याचा हप्ता समजेन. नेवाशाच्या त्या दोन घरांना एका खरिपात जे गमवावे लागले त्यापुढे तो किरकोळच.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ‘घरच्या घरात कागद कशाला? भावाभावांत करार केला तर लोक म्हणतील, यांचा एकमेकांवर विश्वास नाही.’ मला अनुभव उलट आहे. करार असलेल्या घरांत भांडण झाले तरी ते रकमेवरून होते आणि मिटते. करार नसलेल्या घरांत ते इमानावरून होते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही.

सरकारकडेही एक मागणे आहे. अन्नसुरक्षा कायद्यात परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तो परवाना त्याच्या कुटुंबीयांच्या लाभासाठी तीन महिने चालू राहतो, आणि अधिकारी ही मुदत वाढवू शकतात. जीएसटीमध्ये मृत मालकाच्या खात्यातला शिल्लक करपरतावा वारसाच्या नव्या नोंदणीवर नेता येतो. २०१९ साली त्याचे स्पष्टीकरणही निघाले. म्हणजे वारसांचा विचार कायदा करू शकतो. मग खत, बियाणे, कीटकनाशक आणि औषध या प्रत्येक परवान्यासाठी तसेच एक, साध्या मराठीत लिहिलेले, सर्वांना सारखे लागू होणारे कलम का असू नये? पात्र माणूस काउंटरवर असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत विक्री चालू राहील आणि त्या मुदतीत खाते वारसाच्या अर्जाचा निकाल देईल, एवढेच त्यात हवे. पेरणीच्या तोंडावर गावातले एकमेव खताचे दुकान बंद पडले तर हाल मृताच्या घराचेच होत नाहीत, शंभर शेतकऱ्यांचे होतात.

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. भिंतीवरचे परवाने खाली उतरवून एकदा नीट वाचावेत. नाव कुणाचे, पात्रता कुणाची, मुदत कधीची, पुढचे शुल्क कधी भरायचे. बँक खात्यावर नामनिर्देशन आहे का पाहावे. पण नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले आहे, तेव्हा मृत्युपत्र वेगळे हवे. मग वकिलाकडून किंवा सनदी लेखापालाकडून कराराचा कच्चा मसुदा आणून एखाद्या रविवारी घरात सर्वांसमोर वाचावा. वाचताना सुनांना आणि लेकींना चहा करायला आत पाठवू नये. अडचणीचे निम्मे प्रश्न त्याच विचारतील, आणि ते आत्ता विचारले गेलेले बरे.